खिंडीखालचं पांढरं निशाण

४ मार्च

न्थातिसीबाईंनी ही वही सरावाची नोंद ठेवायला दिली. किती धावलीस, काय खाल्लंस, झोप लागली की नाही, एवढंच लिहायचं. तर आज धावले, मक्याचा घट्ट पापा आणि पालेभाजी खाल्ली, झोप लागणार नाही. झाली नोंद. आता जे लिहायचंय ते लिहिते.

टांकिसो हो म्हणाला!

किती दिवस मी त्याच्या मागे लागले होते. तीन खिंडींची शर्यत जोडीनेच धावावी लागते. चार दिवस, रोज एक टप्पा, आणि प्रत्येक चौकीवर जोडीतल्या दोघांनी दोन मिनिटांच्या आत एकामागोमाग पोहोचायचं. एक मागे पडला की दुसऱ्याने थांबायचं. मोखोत्लोंगमध्ये माझ्याबरोबर धावेल अशी दुसरी बाई नाही. परक्या पुरुषाबरोबर चार दिवस डोंगरात जाते म्हटलं तर सासूबाई गावभर छाती पिटत फिरतील. उरला नवरा. नवराही काही टाकाऊ नाही म्हणा. लहानपणी त्याने त्याच डोंगरात गुरं राखली आहेत. पत्र्याच्या दुकानात उभं राहून पोट जरा सुटलंय, पण पाय अजून विसरलेले नाहीत.

न्थातिसीबाईंनी परवा मला मी कामाला जाते त्या लोकरीच्या शेडबाहेर बोलावून सरळ सांगितलं, "हे बघ पुसेलेत्सो, राजधानीत, मासेरूच्या माझ्या केंद्रात एक जागा आहे. एकच. राहणं, खाणं, सराव, पुढे बाहेरच्या देशांतल्या शर्यती. पहिला टप्पा संपला की त्याच संध्याकाळी मी नाव ठरवणार. चार दिवस तुमच्या मागे फिरायला माझे पाय राहिले नाहीत आता."

म्हणजे सगळा खेळ पहिल्या दिवसाचा.

हेही मी टांकिसोला सांगितलं. तो जेवत होता. बराच वेळ बोटाने पापा दाबत बसला, मग म्हणाला, "किती दिवस राहावं लागेल तिथे?"

"एक वर्ष. कदाचित दोन."

"हं," म्हणाला. मग हात धुऊन आला आणि म्हणाला, "धावू आपण."

किती चांगला आहे तो. शेडमधल्या बायकांना असा नवरा मिळाला असता तर त्यांनी त्याची तसबीर करून भिंतीवर लावली असती.

९ मार्च, रविवार

आज सासूबाई चर्चच्या बायकांच्या सभेला शहरात आल्या होत्या. आल्या की आमच्या एका खोलीत भिंती जवळ येतात.

त्या मला मालेफा म्हणतात. लेफाची आई. लग्न होऊन उंबरठा ओलांडला त्याच दिवशी हे नाव मिळालं, आमच्याकडे सगळ्याच सुनांना मिळतं. आधी नाव, मग मूल. आता दोन वर्षं झाली, लेफाचा पत्ता नाही, पण मी त्याची आई आहेच.

"मालेफा, पोटाला असे हिसके बसले की त्यात काही धरत नाही," म्हणाल्या.

"आई, मला हिसके धावल्याने बसत नाहीत, तुमच्या बोलण्याने बसतात." हे मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "हो आई."

येतानाच त्या रागावून आल्या होत्या. शेजारच्या मात्सोलोने ज्वारीची बियर गाळली आणि छपरावर पांढरं निशाण लावलं. आता हा-लेपोकोतले, म्हणजे सासरच्या गावातले, सगळे तहानलेले पुरुष आईंच्या अंगणातून तिच्या दाराकडे जातात. "माझ्या छपरावर पांढरी चिंधी जरी फडकलेली कुणी दाखवली ना," आई म्हणाल्या, "तर मी चर्चच्या संघाचा अंगरखा उतरवून ठेवीन." चर्चमध्ये त्या पुढच्या बाकावर बसतात. बियरचा वास आला तरी चूळ भरतात. टांकिसोने लग्नाआधी एकदा प्यायली होती, ती हकिकत मी आजवर तीन वेळा ऐकली आहे.

त्याचा उजवा गुडघा दुखतोय. काल उतारावर मध्येच बसला. मला आधी राग आला, मग रागाची लाज वाटली. मी शेक दिला.

१५ मार्च

उशीचा अभ्रा हरवला. दोनच होते, मी स्वतः शिवलेले. पांढरे, काठाला हिरवा दोरा. एकाच्या कोपऱ्यात हिरवा दोरा संपला म्हणून शेवटचे टाके तपकिरी घातले होते, नेमका तोच गेला. टांकिसो म्हणतो वाऱ्याने दोरीवरून उडवला असेल. इथला वारा अभ्रा नेतो आणि शेजारी टांगलेली त्याची भोकं पडलेली पँट ठेवतो, वाऱ्यालाही आवडनिवड आहे म्हणायची.

आज मोठ्या चढावर मी इतकी हलकी धावले की मध्ये एकदा मोठ्याने हसलेच. वर पोहोचून मागे पाहिलं तर टांकिसो बराच खाली उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी हात केला. त्याने हात केला नाही. गुडघ्यामुळे वैतागला असेल.

उद्या तो एकटाच गावी जाणार आहे, आईंच्या कोंबड्यांच्या खुराड्याला पत्रा लावायला. मी येते म्हटलं तर म्हणाला, "तू आराम कर. पाय जप." इतकं जपणारं माणूस.

२० मार्च, शर्यतीच्या आदल्या दिवशी

दुपारी फुटबॉलच्या मैदानावर सगळ्यांना नियम सांगितले. शर्यत भरवणारा बर्नार्ड सीमेपलीकडचा आहे, उन्हाने टोमॅटोसारखा झालेला. त्याने सांगितलं की पूर्ण वाटेवर छोटी पांढरी निशाणं रोवली आहेत, ती धरून जायचं. त्यावर मागून ब्लँकेट पांघरलेले एक म्हातारे उठले.

"साहेब, एक शंका आहे. खिंडीत इतकी पांढरी निशाणं लावलीत, तिथे बियर कोण गाळणार?"

मैदानभर हशा पिकला. बर्नार्डला कळेना. मग कुणीतरी सांगितलं की इथे घरावर पांढरं निशाण म्हणजे बियर तयार, लाल म्हणजे मटण, हिरवं म्हणजे भाजी.

"अरे देवा!" बर्नार्ड म्हणाला. "पण धावणाऱ्यांना तर फरक कळतो ना?"

"धावणाऱ्यांना कळेल हो," म्हातारे म्हणाले. "आमच्या जावयाचं काय? तो कालपासून खिंडीत गेलाय, अजून उतरला नाही."

मी पोट धरून हसले. टांकिसो हसला नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. हरायची भीती वाटत असेल. मी त्याला म्हटलं, "उद्या फक्त माझ्या पाठीकडे बघत धाव." तो म्हणाला, "तेच तर करतोय कधीपासून."

वाट मला पाठ झाली आहे. पहिली खिंड, मग लांब धार, मग नदीकाठच्या तळावर उतार. धारेच्या डाव्या बाजूला, बरंच खाली, हा-लेपोको. शर्यत माझ्या सासरच्या डोक्यावरून जाणार. आई वर बघतील तर मी मुंगीएवढी दिसेन, आणि मुंगीची चड्डी त्यांना दिसणार नाही, हे बरं.

देवा, उद्या एक दिवस. एकच दिवस मागतेय.

२१ मार्च, तळावर, उजेड आहे तोवर

जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच वेगळं काही आठवेन.

सुटलो तेव्हा छान गारवा होता. पहिल्या खिंडीच्या चढावर मी एकेकाला मागे टाकत गेले. टोप्या जुळवून आलेलं सीमेपलीकडचं जोडपं, मग दोन इटालियन, मग लिनेओ आणि तिचा भाऊ. लिनेओ सेमोंकोंगची आहे, सगळे तिचंच नाव घेत होते. तिला मी मागे टाकलं तेव्हा ती म्हणाली, "सावकाश गं, खिंड पळून जात नाही." मी म्हटलं, "मी जाते ना." खिंडीत सगळ्यात आधी मी पोहोचले. चौकीवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाला, "दुसरा कुठाय?"

दुसरा खाली होता. डावा गुडघा धरून.

मी उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही. पाय पुढे ओढत होते आणि मी खांबाला बांधल्यासारखी. लिनेओ आली, तिचा भाऊ आला, दोघं गेले. इटालियन गेले. मी खाली बघत ओरडत होते, "चल ना! चल ना रे!" मला तेव्हा टांकिसोचा इतका राग आला की तो माझा नवरा नसता तर मी दगड मारला असता. हे लिहितेय कारण खरं आहे. तो आला, चेहरा वेडावाकडा करत. उजवा बरा झाला आणि आता डावा. एकावर भार पडला की दुसराही कुरकुरायचाच.

तरी मला आशा होती. धारेवर मी कुणालाही गाठू शकते.

मग धुकं आलं. दरीतून वर चढलं आणि हाताचं बोटसुद्धा दिसेना. आम्ही एका निशाणापासून दुसऱ्याकडे चाचपडत गेलो. एका ठिकाणी पुढचं निशाण दिसेना. धुकं क्षणभर फाटलं तेव्हा खाली डावीकडे काहीतरी पांढरं फडफडलं.

"ते बघ," टांकिसो म्हणाला.

"खाली? वाट तर धारेनेच आहे."

"अगं, पुढे कडा तुटलाय. त्यांनी वाट खालून फिरवली असेल."

"फिरवली असती तर काल सांगितलं असतं ना!"

"इथे गुरं मी राखलीत की तू? धारेवर दिसतंय का तुला काही? नाही ना? मग चल."

तो उतरायलाही लागला. मला दोन मिनिटांच्या पलीकडे राहता येत नाही. मी धारेकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या मागे उतरले. बराच वेळ उतरलो. उतारावर त्याचा गुडघा फारसा दुखत नव्हता, नशीब. मग कुत्री भुंकली, धुराचा वास आला, दगडी कुंपण आलं, आणि मी ओळखीच्या अंगणात उभी होते. निशाण आईंच्या छपरावर होतं.

आई दारात होत्या. "आलात? या. हात धुवा," म्हणाल्या. सून धुक्यातून चड्डी घालून अंगणात उतरली तरी त्या दचकल्यासुद्धा नाहीत. कमाल आहे त्यांची. माझं गावाकडचं ब्लँकेट, सुनेने सासरी पांघरायचंच असतं ते, आणि डोक्याचा रुमाल चुलीजवळ ऊब देत ठेवला होता. त्यांनी ते माझ्या खांद्यावर टाकून पुढे पिन लावली. भांड्यात कोंबडी रटरटत होती. शुक्रवारी, सण नाही, वार नाही.

"आई, कुणी येणार होतं का?"

"येतं कुणीतरी," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले. घरातली थोरली माणसं जेवून उठेपर्यंत सुनेने उठायचं नसतं, आणि सासरे तर अजून गुरांकडून आलेही नव्हते. ब्लँकेटच्या आत मला घाम फुटला. मी टांकिसोला डोळ्यांनी विनवत होते, तो कोंबडीचा पाय सोलत होता. "धुकं निवळू दे," म्हणाला. "गुडघ्यालाही जरा बरं." वरून, धारेवरून, कुणाची तरी शिट्टी ऐकू आली. शर्यत पुढे चालली होती आणि मी मालेफा होऊन चुलीपाशी बसले होते. मला ओरडावंसं वाटलं. मी म्हटलं, "आई, पाणी आणू का?" एवढाच एक बहाणा सुनेला उठायला मिळतो. त्या म्हणाल्या, "पाणी आहे."

तेवढ्यात अंगणात माणसं आली. तीन म्हातारे, प्रत्येकाच्या हातात आपापला डबा.

"माटांकिसो!" पहिले आईंना म्हणाले. "शेवटी आलीस म्हणायची ताळ्यावर! ओत."

"काय ओतू?" आई ताडकन उठल्या.

"काय म्हणजे? छपरावर काय लावलंयस, परकर?"

"इथे बियर-बियर काही नाही! चालते व्हा!"

"निशाण लावायचं आणि बियर नाही म्हणायचं," दुसरे खाली बसत म्हणाले, "हे कुठल्या चर्चमध्ये शिकवतात गं? सांग, मी येतो रविवारी."

"वाऱ्याने आलं असेल कुठून तरी!"

"वारा काठी रोवतो? आणि वर गाठही मारतो?"

आईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मला खरंच दया आली. कुणीतरी द्वाड माणसाने, बहुतेक त्या मात्सोलोनेच, सूड म्हणून लावलं असणार. आयुष्यभर बियरचा वास न घेतलेल्या बाईच्या घरासमोर तीन जण डबे वाजवत बसले होते.

मग सासरे आले. मी मान खाली घातली, त्यामुळे मला त्यांचे गमबूट तेवढे दिसले. बूट दारात थांबले. म्हाताऱ्यांची आरडाओरड त्यांनी ऐकून घेतली. बूट चुलीकडे वळले, भांड्यापाशी थांबले. मग टांकिसोसमोर आले.

"काय झालं तुला?"

"गुडघा, बाबा."

"कोणता?"

"डावा."

बूट हलले नाहीत. खूप वेळ हलले नाहीत. मग ते बाहेर गेले, काठीने निशाण खाली ओढल्याचा आवाज आला, आणि परत येऊन त्यांनी ते फडकं टांकिसोच्या मांडीवर टाकलं.

"हे बांध. तुझ्या दुखण्यावर याच्यासारखं औषध नाही."

बाबांना इतक्या मायेने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. टांकिसोने मान खाली घालून फडकं दुमडून दुमडून गुडघ्याला गुंडाळलं.

सासरे सुनेशी थेट बोलत नाहीत. ते आईंना म्हणाले, "या घरात बियर नाही. मग ही धावणारी माणसं इथे का बसलीत?"

"अहो, धुकं आहे, जेवण..."

"तिच्या अंगावरचं ब्लँकेट काढून घे. चढाला जड होतं ते."

आईंनी पिन काढली. मला त्या बुटांना मिठी मारावीशी वाटली. मी काहीही न बोलता दाराबाहेर पडले आणि धावले. तशीच, सरळ धारेकडे, जीव खाऊन. टांकिसो माझ्या मागोमाग, एकदाही न थांबता. बाबांचा हातगुण म्हणायचा.

पण झालं ते झालंच होतं. तळावर पोहोचलो तेव्हा लोक जेवून हात धूत होते. मुदतीत बसलो, एवढंच. न्थातिसीबाई रेषेजवळ घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय पुढे ताणून.

"पहिल्या खिंडीत तू सगळ्यांच्या पुढे होतीस. दुर्बिणीतून पाहिलं मी. मग कुठे गेलीस?"

"वाट चुकलो बाई. खाली सासरी उतरलो."

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे, मग टांकिसोकडे बघत राहिल्या. "सासरी कुणी वाट चुकून जात नाही पोरी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लिनेओचं नाव दिलं मी."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी जागा असेल की नाही, मलाच ठाऊक नाही. आंबील घे थोडी. रंग उडालाय तुझा."

मी आंबील घेतली. लिनेओला जाऊन शुभेच्छाही दिल्या. मग तंबूमागे जाऊन तोंडात ब्लँकेटचा बोळा कोंबून रडले. टांकिसो आला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे पुसे. देवाच्या मनात नव्हतं." आता झोपलाय. बिचाऱ्याला माझ्यामुळे किती त्रास झाला.

२२ मार्च, सकाळी

तो झोपेत होता. सूज आहे का बघावं म्हणून मी हलक्या हाताने फडकं सोडलं.

सूज नव्हती. गुडघा लहान मुलाच्या गालासारखा साफ होता.

फडकं हातात राहिलं. दिवसभर लोकर चाचपून प्रत लावणारी बोटं माझी, ती आधी थांबली, मग मी पाहिलं. काठाला हिरवा दोरा. कोपऱ्यात तपकिरी टाके.

मग एकेक गोष्ट येऊन समोर बसली. रविवारचा पत्रा. शुक्रवारची कोंबडी. चुलीपाशी ऊब घेत असलेलं ब्लँकेट. "आलात? या." आणि बाबांचं औषध. बाबांना चुलीवरचं भांडं बघताच कळलं, मला अभ्रा हातात येईपर्यंत कळलं नाही.

आणि आई! मला चुलीपाशी बसवायला त्या बाईने स्वतःच्या छपरावर बियरचं निशाण चढवलं. चर्चचा पुढचा बाक पणाला लावला. मी इतकी मोलाची आहे हे कुणी आधी सांगितलं असतं तर.

"कोणता गुडघा?" मी विचारलं.

"डावा," तो डोळे न उघडता म्हणाला.

"आधी उजवा होता."

त्याने डोळे उघडले. माझ्या हातात काय आहे ते पाहिलं. उठून बसला, पण माझ्याकडे बघेना.

"मासेरूला गेलेलं कोण परत आलंय सांग," म्हणाला. "तू चढाला लागलीस की तुझी पाठ तेवढी दिसते मला. दरवेळी वाटतं, ही आता अशीच जाणार."

"मी थांबले होते तुझ्यासाठी! खिंडीत, सगळे पुढे जात होते तरी!"

"हो. खालून दिसत होतीस." तो म्हणाला. "बांधून घातल्यासारखी उभी होतीस. मला बघवत नव्हतं."

"तरी नेलंस मला खाली."

त्याने गुडघा पांघरुणाखाली ओढून घेतला.

"मग विचारायचं होतंस! जाऊ नको, एवढं म्हणायचं होतंस!"

"थांबली असतीस?"

थांबले असते. त्याने नुसतं तोंड उघडून म्हटलं असतं तरी मी थांबले असते, हेच मला सगळ्यात भयंकर वाटतंय. निशाणाची, कोंबडीची, गुडघ्याची कशाचीच गरज नव्हती.

मी उठले. तंबूच्या पुढच्या दांडीला उंच, सगळ्या तळाला आणि पलीकडच्या गावाला दिसेल असा, अभ्रा बांधला.

"हे काय करतेस?" तो म्हणाला.

"तहानलेली माणसं येतील. त्यांना उत्तर दे."

आता बर्नार्डकडे जाऊन विचारणार आहे. जोडीदार सुटला तर एकटीने पुढे धावता येतं असं नियमांत आहे. क्रमांक नाही, बक्षीस नाही, छातीवर कोरा कागद.

२२ मार्च, संध्याकाळी

धावले. आजचा टप्पा फिरून याच तळावर येतो. कोरा कागद लावून मी लिनेओच्याही आधी आले आणि ते कुणीही कुठे लिहून घेतलं नाही. न्थातिसीबाई सकाळीच खाली निघून गेल्या होत्या.

पहिल्या चौकीवर मी थांबले. चौकीवरचा माणूस म्हणाला, "काय झालं?" मी मागे वळून खाली बघत होते. मग लक्षात आलं, कुणी यायचं नाहीये. दोन मिनिटं होऊन गेली असतील. मी निघाले. पाय मोकळे होते, पण मान दर चौकीला मागे वळत होती, शेवटपर्यंत.

परत आले तेव्हा टांकिसो तंबूसमोर बसला होता. अभ्रा दांडीवर तसाच. मला वाटलं होतं मी वळताच उतरवून ठेवील.

"आले कुणी?" मी विचारलं.

"आले ना. दिवसभर. त्या गावाला दुसरा उद्योग नाही."

"काय सांगितलंस?"

"पहिल्याला म्हटलं, संपली. तो म्हणाला थांबतो, नवी होऊ दे. बसूनच राहिला." टांकिसो जमिनीकडे बघत होता. "मग पुढच्याला सांगितलं की निशाण खोटं आहे. तो म्हणाला, खोटं निशाण कोण लावतो? मग सांगितलं."

"काय?"

"मी. बायकोला अडवायला."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

"काय म्हणाले?"

"एक जण म्हणाला, मग निदान बियर तरी ठेवायचीस."

मला हसू फुटलं आणि हसू आल्याचा फार राग आला. मी बूट काढायला बसले. नाडी ओली होऊन गच्च झाली होती, सुटेना. त्याने हात पुढे केला, मी पाय मागे घेतला. मग तो अभ्र्याकडे बघत म्हणाला, "आता उतरवू का?"

"नको," मी म्हटलं. "उद्या तळ पुढे हलेल. तिथेही लाव."